भिंगऱ्याची वही

माझ्या नोकरीतल्या सगळ्या वह्या माझ्याकडे आहेत, एक सोडून. अठरा वर्षांच्या सतरा वह्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात क्रमाने उभ्या आहेत आणि मध्ये एका वहीची जागा मी रिकामी ठेवली आहे. आमच्या ह्यांना वाटतं, ती डांबराच्या गोळ्या ठेवायला आहे. ती वही एका कुत्र्याकडे गेली. इतरांच्या वह्या कुत्रे फाडतात, माझ्या कुत्र्याने ती रीतसर नेली. हे कसं झालं ते सांगण्याआधी माझं काम सांगायला हवं, कारण ‘पशुधन पर्यवेक्षक’ म्हटलं की लोक आदराने मान डोलावतात आणि विषय बदलतात.

पशुधन पर्यवेक्षक म्हणजे जनावरांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर खुर्चीवर असतात, आम्ही गोठ्यात. गाय माजावर आली की खांद्यापर्यंत हातमोजा चढवून कृत्रिम रेतन करायचं आणि त्या वेळी चेहरा पोस्टात रांगेत उभ्या असलेल्या माणसासारखा ठेवायचा. लाळ्या-खुरकुताच्या लसी टोचायच्या, जखमा धुवायच्या, शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं. आणि या सगळ्याची नोंद करायची. निम्मं काम जनावराचं, निम्मं नोंदवहीचं. मी दुसऱ्या निम्म्यात जास्त रमणारी.

या कामात तेव्हा बायका फारशा नव्हत्या. इंदापूर तालुक्यातल्या एका गावात माझी नेमणूक झाली. गावाचं नाव सांगत नाही. भिगवणपासून लुनावर पाऊण तास. पहिल्याच दिवशी एक शेतकरी गाय घेऊन आला. मला बघून म्हणाला, “बाई, सायब कवा येणार?” मी म्हटलं, “मीच.” तो गाय घेऊन परत गेला. तीन आठवड्यांनी मुकाट्याने आला. गायीचं चक्र तेवढंच असतं, ते कुणाच्या मतासाठी थांबत नाही.

याद्यांची सवय मला दादांनी लावली. दादा म्हणजे माझे वडील, सांगवीचे. छपन्न साली आमच्या घराने धम्म स्वीकारला, तेव्हा घरात लिहिता येणारे ते एकटे. “लिहून ठेवलेलं कुणाला नाकबूल करता येत नाही,” हे त्यांचं नेहमीचं वाक्य. दर चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक आटोपली की ते मला लाल कापडी पाठीची एक जाड वही द्यायचे. लग्न झालं, नोकरी लागली, केस पिकायला लागले, तरी वही येत राहिली. तीत मी सगळं लिहिते. गावातल्या गायींच्या तारखा, संपलेलं तेल, मुलांचे डोस, ह्यांना सांगायच्या गोष्टी, आणि ह्यांना आधीच दोनदा सांगून झालेल्या गोष्टी. हे बारामतीला हायस्कुलात गणित शिकवायचे. ते आणि मुलं तिथे भाड्याच्या दोन खोल्यांत, मी आठवडाभर दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये आणि रविवारी बारामतीत. “तुझ्या वहीत माझं पान कितवं?” असं हे एकदा म्हणाले. त्रेचाळिसावं होतं. मी सांगितलं नाही.

नव्वदनंतरच्या एका एप्रिलची ही गोष्ट. कारखान्याचा हंगाम संपला की ऊसतोडीच्या टोळ्या पाचटाच्या कोप्या मोडतात, ट्रकमध्ये संसार चढवतात आणि आपल्या मुलखाला निघतात. पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या, म्हाताऱ्या, लेकरं, सगळं चढतं. एखादं कुत्रं राहून जातं. मुद्दाम कुणी टाकत नाही. ट्रकवाला तेवढ्यासाठी थांबत नाही, एवढंच.

आमचे परिचर नामदेवमामा एका दुपारी सायकलच्या कॅरिअरला युरियाचं पोतं बांधून आले. पोत्यातून एक तपकिरी तोंड बाहेर आलेलं होतं.

“हे काय मामा?”

“टोळीचं हाय. पार भिगवणच्या रस्त्याला घावलं. ट्रकामागं पळालंय, बाई. पाय बघा.”

चारही पंजे तापलेल्या डांबराने सोलून निघाले होते. सात-आठ महिन्यांचं असेल, जेमतेम वयात आलेलं. आम्ही पाय धुतले, मलम लावून पट्ट्या बांधल्या, रेबीजची लस टोचली. मग प्रश्न आला नोंदीचा. आमच्या मासिक अहवालात गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी, सगळ्यांना रकाना आहे. कुत्र्याला नाही. मी ‘इतर’मध्ये एक लिहिलं. आमचे डॉक्टरसाहेब फार शांत माणूस, दिवसाला चार वाक्यं बोलणारे. सही करताना म्हणाले, “इतर कुठे ठेवणार?”

“पाय बरे होईपर्यंत माझ्याकडे, साहेब. मग चांगलं घर बघून देऊ.”

“हं.”

दोन दिवस ते कोपऱ्यात मान टाकून पडून होतं. मी वहीत लिहिलं: ‘स्वभाव शांत व समजूतदार. आठ दिवसांत घर मिळावे.’ माणसं ओळखण्याबद्दल माझी ख्याती नव्हती, पण जनावरं ओळखते असा माझा समज होता.

तिसऱ्या दिवशी पंजांना खपली धरली. कुत्रं उठलं, अंग झाडलं, स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या आणि त्यानंतर पंधरवडाभर ते थांबलेलं मी पाहिलं नाही. जनावर अडकवून उभं करायचा आमचा लोखंडी खोडा आहे, त्यातून ते इकडून तिकडे उड्या मारायचं. औषधाला आलेल्या माणसांच्या चपला गोळा करून त्या पाण्याच्या टाकीत बुडवायचं, एका जोडातली एकच. मामांनी नाव ठेवलं भिंगऱ्या. आठवड्याच्या आत भिंगऱ्याने हजेरीपट खाल्ला. वरिष्ठांना लेखी खुलासा द्यावा लागला. मी लिहिलं, ‘सदर हजेरीपट उपचारार्थ दाखल श्वानाने भक्षण केला.’ साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, “‘अंशतः’ घाला. माझी सही शिल्लक आहे.”

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मेच्या सुरुवातीला माझ्या बदलीचा आदेश आला. जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या तालुक्यात हजर व्हायचं, आणि तिथे क्वार्टर नव्हतं, बारामतीहूनच जा-ये. बारामतीच्या घरमालकीणबाई आम्हाला पोपटसुद्धा पाळू देत नव्हत्या. मामांच्या घरी नातवंडं लहान. आणि कुंपणापलीकडे विठ्ठलराव होते.

विठ्ठलरावांच्या पंचवीस गावठी कोंबड्या आमच्या कुंपणाखालून ये-जा करायच्या. भिंगऱ्याने एकीची शेपटी तेवढी उपटली होती. विठ्ठलराव पिसं मुठीत घेऊन आले.

“बाई, तुमी सरकारी मानूस, तुमास्नी काय बोलणार न्हाय. पर ह्याला सांगून ठिवा. तुमी हायसा तवर गप बसतो. तुमी गेल्याव ह्यो हितं दिसला, तर भाकरीतनं आवषद घालीन.”

“विठ्ठलराव, अहो, लहान आहे ते.”

“कोंबडीबी ल्हानच हुती.”

ते रागीट नव्हते, खोटंही बोलत नव्हते. आमच्याकडे मोकाट कुत्र्याचा शेवट असाच व्हायचा आणि त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही. मग मला पाच आठवड्यांत दोन गोष्टी करायच्या होत्या: भिंगऱ्याला माणसांत राहायला शिकवायचं आणि त्याला ठेवून घेणारं माणूस शोधायचं. दादांनी दिलेली नवी वही उघडून मी यादी केली.

बारामतीच्या वाचनालयात कुत्र्यांवर एकच पुस्तक मिळालं. त्यात परदेशी कुत्र्यांचे केस कसे विंचरावेत ते होतं. म्हणून अभ्यासक्रम माझा मीच ठरवला. अकरा कलमं. बोलावल्यावर येणे, सांगितल्यावर बसणे, अंगावर न उडणे, चपलेकडे दुर्लक्ष करणे, कोंबडीकडे दुर्लक्ष करणे, शेळीमागे न धावणे, दोरीने सरळ चालणे, असं करत ‘एकटे असता न रडणे’ इथपर्यंत. प्रत्येक कलमासमोर पस्तीस चौकोन. साधलं तर बरोबरची खूण, नाही साधलं तर फुली.

रोज संध्याकाळी दवाखाना बंद झाला की अंगणात तास चालायचा. पिशवीतून वही काढायची, पेनाचं टोपण काढायचं, “बस” म्हणायचं, कुत्रं बसलं की आधी खूण करायची, कारण मागाहून विसरतं, आणि मग ज्वारीच्या भाकरीचा तुकडा द्यायचा. पहिला आठवडा फुल्यांचा गेला. दुसऱ्या आठवड्यात अचानक खुणाच खुणा. चप्पल पुढे ठेवली, वही काढली, “नको” म्हटलं, तर कुत्रं चपलेकडे ढुंकून न बघता बसलं. कुंपणापाशी कोंबड्या दाखवल्या, वही काढली, तरी बसलं. मला गहिवरून यायचं तेवढं बाकी होतं.

मामा पायरीवर बसून तंबाखू मळत हे बघायचे. “बाई, तुमी लिवताय ते त्यो वाचतोय जणू,” एकदा म्हणाले. मी ते कौतुक समजले.

मग मी त्याला फिरतीवर नेऊ लागले. पुढे लुना, लुनाला वाफा सोडणारी बीजमात्रांची, म्हणजे गोठवलेल्या रेताची, थंड टाकी, मागे पळणारा भिंगऱ्या. गोठ्यात पोचलं की मी मालकाचं नाव, गायीचा रंग, कितवं वेत ते लिहायला वही काढायची. हा दाराशी बसायचा, पुतळ्यासारखा. माणसं बघायला जमायची. “बाईंचं कुत्रं सरकारी हाय,” म्हणायची, “न सांगता हजेरी देतंय.” मी वरवर “अहो, शिकवावं लागतं” म्हणायचे. ह्यांना रविवारी खुणांचं पान दाखवलं. गणिताच्या माणसाने ते दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, “सगळ्या अकरा ओळी सारख्याच कशा? एकाच दिवशी सगळी कलमं साधली?” मी म्हटलं, “हुशार आहे.” ते म्हणाले, “माझ्या वर्गात असे निकाल आले की मी आधी बाकं लांब लांब करतो.”

आणखी एक इशारा मिळाला होता. एका गोठ्यात माझा हात खांद्यापर्यंत गायीत होता, तेव्हा भिंगऱ्या मागच्या बाजूने गेला आणि त्यांच्या कोंबड्यांचा पाठलाग करत शेजारच्या उसात शिरला. मी घसा फाटेपर्यंत “बस, बस” ओरडत होते. घरी येऊन त्या चौकोनात मी फुली मारली नाही. शेरा लिहिला: ‘अपवाद.’

तिसऱ्या आठवड्यात पारूआक्का आल्या. वरकुट्याच्या माळावर राहणारी साठीची बाई, उन्हाने करपलेली, काठीपेक्षा सरळ. सत्तावीस शेळ्या जंताच्या औषधाला घेऊन आलेल्या. मी नोंदवही उघडून शेळ्या मोजत होते आणि शेळ्यांच्या मधोमध भिंगऱ्या बसलेला होता. एक करडू त्याच्या पाठीवर पाय देऊन उभं राहिलं, तरी हलला नाही.

“ह्ये कुणाचं?” आक्का म्हणाल्या.

“घर शोधतेय त्याला.”

“माजं म्हातारं कुत्रं थंडीत गेलं. तवापास्नं लांडग्यानं दोन करडं नेली. बारा शेळ्या गाभण हायत, बाई. पावसाळ्यात माळावर राखण न्हाय, तर म्या काय करू? शेळ्याच इकून बसू?” त्यांनी भिंगऱ्याच्या तोंडात हात घालून दात पाहिले, जसे आम्ही बैलाचे बघतो. “पर येक सांगते. शेळीला दात लावला का म्या ठिवणार न्हाय.”

मला आभाळ ठेंगणं झालं. पण मी रीतसर माणूस. मी दत्तक देण्याचा छापील वाटेल असा अर्ज हाताने तयार केला होता, तो वाचून दाखवला. कुटुंबातील माणसे किती?

“म्या येकली.”

जनावरे किती?

“शेळ्या सत्तावीस. त्यातल्या चार मानसांतच धरा.”

कुत्रा पाळण्याचा उद्देश काय?

“बाई, तुमी पोरगी दिताय का कुत्रं?” असं म्हणून त्यांनी अंगठा केला. पुढच्या सोमवारी मी भिंगऱ्याला लुनामागे वरकुट्याला पोचवला. अकराही कलमं आक्कांना तोंडपाठ होईपर्यंत म्हणून घेतली. परत येताना रस्ता धूसर दिसत होता. धूळ फार असते त्या रस्त्याला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आक्का दवाखान्यात. दोरीच्या एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला भिंगऱ्या, दोघांच्याही अंगावर ओरखडे.

“घ्या तुमचं. ह्ये बहिरं हाय.”

“काय झालं, आक्का?”

“काय न्हाय झालं? शेळ्या चौखूर उधळल्या. गाभण शेळी चारीत पडली, नशीब पानी नव्हतं. बस म्हनलं, थांब म्हनलं, तुमची अकराच्या अकरा म्हनली. उलटं माझ्याकडं बघून नाचतंय.”

माझ्या बदलीला नऊ दिवस राहिले होते. कुंपणापलीकडे विठ्ठलराव दात घासत ऐकत उभे होते. “आनलं का परत?” म्हणाले, एवढंच. मी म्हटलं, “आक्का, तुमचं काहीतरी चुकत असेल. बघा हं.” पिशवीतून वही काढली, टोपण काढलं, “बस.”

भिंगऱ्या बसला. झटक्यात.

“बघितलंत?”

आक्का कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. माझ्याकडे, कुत्र्याकडे, वहीकडे. शेळ्या राखणारं माणूस दिवसभर बघण्याचंच काम करतं. “बाई,” त्या म्हणाल्या, “ती वही ठिवा बगू पिशवीत.”

मी ठेवली.

“आता म्हना.”

“बस,” मी म्हटलं. भिंगऱ्या माझ्या पिशवीकडे बघत शेपटी हलवायला लागला. “बस! भिंगऱ्या, बस!” त्याने एक गिरकी घेतली आणि मामांची चप्पल उचलली.

आक्कांनी माझ्या पिशवीत हात घातला, वही काढली आणि एक शब्द न बोलता उघडली. उलटी धरली होती. भिंगऱ्याने चप्पल टाकली आणि तो बसला.

मामांना पायरीवर खोकल्याची उबळ आली, ती खोकल्याची नव्हती. विठ्ठलराव तोंडातलं पाणी थुंकून मोठ्याने हसले. साहेब दारात आले होते.

“बाई, तुमी कुत्रं न्हाय, तलाठी घडवलाय,” आक्का म्हणाल्या. “कागूद उघडला का बसतंय.”

“वही उघडली की भाकरी,” साहेब म्हणाले. “त्याचं काय चुकलं? हजेरीपट उघडला की आपणही सरळ बसतो.” त्या महिन्यातलं त्यांचं सगळ्यात लांब भाषण.

जवळजवळ चार आठवड्यांचा अभ्यासक्रम, शेकडो खुणा, आणि कुत्रं शिकलं होतं ती एकच गोष्ट मी त्याला शिकवलीच नव्हती. उलट ती मला दिसू नये म्हणून बहुधा मी सारखी वहीत बघत होते.

विठ्ठलराव हसायचे थांबले, तसं माझ्या लक्षात आलं की हसण्याने काही सुटलेलं नाही. आक्कांनी दोरी माझ्या हातात दिली की भिंगऱ्याचं काय होणार, हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी म्हटलं, “आक्का, मला चार दिवस द्या. मी रोज सकाळी माळावर येते. नाहीच जमलं तर...”

“या,” आक्का म्हणाल्या. “पर वही आनू नका.”

चार सकाळी मी वरकुट्याच्या माळावर रिकाम्या हातांनी उभी राहिले. वही नसली की हात कुठे ठेवायचे हे मला वयाच्या चाळिशीत कळेना. शिकवण्याचं काम आक्कांनी केलं, किंवा त्यांच्या म्हाताऱ्या काळ्या शेळीने. आक्कांनी भिंगऱ्याची दोरी तिच्या गळ्याला बांधून दिली. ती थांबली की याने थांबायचं, ती चालली की चालायचं, आणि उडी मारली की शिंग खायचं. पहिल्या दिवशी त्याने सतरा शिंगं खाल्ली. मोजली मी, फक्त लिहिली नाहीत. दुसऱ्या दिवशी सहा. आक्का मध्येच शेंगदाण्याएवढा भाकरीचा तुकडा फेकायच्या. कधी द्यायचा याला काही नियम नव्हता, निदान मला सापडला नाही.

“कसं कळतं तुम्हाला, आता द्यायचा ते?”

“त्याच्या त्वांडाकडं बघायचं की. तुमी वहीत बघता.”

चौथ्या दिवशी आक्कांनी दोरी सोडली. तासभर तो काळ्या शेळीच्या बाजूने शहाण्यासारखा चालला. मग बाभळीखालून ससा उठला. भिंगऱ्या सुटला, त्याला बघून शेळ्या उधळल्या, शेळ्यांना बघून हा ससा विसरला आणि त्यांच्यामागे लागला. गाभण शेळ्या चारीच्या दिशेने पळत होत्या. आक्कांनी हाका मारल्या. मी हाका मारल्या. आक्का माझ्याकडे वळून ओरडल्या, “वही हाय का?”

त्यांनी नको सांगूनही ती पिशवीत होती. तळाशी, डब्याखाली. मी डबा फेकला, वही काढली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उघडी धरली, मोर्चातल्या फलकासारखी. शंभर पावलांवर धुळीत भिंगऱ्या थबकला. बसला. शेळ्या चारीच्या काठावर थांबल्या, वळल्या आणि काही झालंच नाही अशा चरायला लागल्या.

आक्का धापा टाकत आल्या. आधी गाभण शेळ्या मोजल्या, मग भिंगऱ्याकडे वळल्या. नाही म्हणाल्या असत्या तर त्यांना बोल लावायला जागा नव्हती.

“ठिवते म्या,” त्या म्हणाल्या. “शिकंल हळूहळू. पर तवर वहीबी द्या.”

“वही? नवी आणून देते, आक्का. उद्याच...”

“उद्या शेळ्या उधळल्या म्हंजी? हीच द्या.”

त्या वहीत एप्रिलपासूनचं सगळं होतं. सदतीस गायींच्या तारखा, बदलीच्या सामानाची यादी, मुलाच्या गोवराचं टिपण, ह्यांचं पान. पहिल्या पानावर दादांच्या अक्षरात माझं नाव. मी म्हटलं, निदान गायींची पानं फाडून घेते. दोन पानं फाडली तर आक्का म्हणाल्या, “आवाज नका करू, त्यो उठतोय.” मी वही मिटून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कमरेला खोचली, जिथे बायका पैशांची पिशवी खोचतात.

दादांना हे सांगितलं तेव्हा भीतीच वाटत होती. अक्षर न येणाऱ्या बाईला मी त्यांची वही कुत्र्यासाठी देऊन आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पोच घेतलीस का?” अर्जावरचा अंगठा दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून तपासला. “ठीक आहे,” म्हणाले. पुढच्या चौदा एप्रिलला दोन वह्या दिल्या. “एक कुत्र्याला लागली तर.”

दोन वर्षांनी इंदापुराकडे लसीकरणाच्या कामाला गेले, तेव्हा अर्धा दिवस काढून वरकुट्याला उतरले. पिशवीत सुती फडक्यात भाकरीचा तुकडा बांधून घेतला होता. आक्का बाभळीखाली होत्या, तशाच सरळ. लांब माळाच्या पलीकडच्या कडेला, शेळ्यांच्या पुढे एक भरलेलं तपकिरी कुत्रं उभं होतं. त्याचा एक कान अर्धा होता.

“लांडग्यानं,” आक्का म्हणाल्या. “पर करडू न्हाय दिलं त्यानं. येकबी न्हाय.”

“आणि वही?”

“पयल्या पावसात लगदा झाली. उरल्याली काळ्या शेळीनं खाल्ली.”

“मग याला कसं...”

आक्कांनी दोन्ही तळवे एकमेकांना लावले आणि पुस्तक उघडावं तसे उघडले. दूरवर भिंगऱ्या बसला. तळवे मिटले, तो उठला. “वहीचं काय असतंय,” त्या म्हणाल्या. “त्यालाबी ठावं हाय, मला वाचाया येत न्हाय.”

हे लिहून ठेवलंच पाहिजे असं मला वाटलं. मी पिशवीतून नवी वही काढली, पेनाचं टोपण काढलं, तारीख टाकायला वही उघडली. आणि वर पाहिलं तर माळाच्या त्या टोकाला भिंगऱ्या पुन्हा बसला होता. या वेळी आक्कांकडे नाही, माझ्याकडे बघत. अर्धा कान पुढे केलेला. त्याच्या मागे शेळ्या चरत चरत कुणाच्या तरी मक्याकडे सरकत होत्या, आणि तो हलत नव्हता. मला वाटलं, हाक मारावी. भाकरी पिशवीतच होती.

“ठिवा ती वही, बाई,” आक्का हळूच म्हणाल्या. “त्याला काम हाय.”

मी वही मिटली. भिंगऱ्या उठला, अंग झाडलं आणि शेळ्यांकडे वळला. मागे पाहिलं नाही. भाकरी मी भिगवणच्या एस.टी. स्टँडवर बसून खाल्ली, दिवसभरात दुसरं काही खाल्लं नव्हतं.

त्या दिवशीची वही कपाटात आहे. त्या तारखेचं पान कोरं आहे. वरच्या कोपऱ्यात शाईचा एक ठिपका आहे, पेन टेकवलं होतं तिथे.